खिडकीपलीकडच्या माणसाचे आभार नेमके मानायचे कसे?

रानजाई

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा गेले त्याला दहा महिने झाले. आईच्या फॅमिली पेन्शनचं काम अडकलेलं, कारण बाबांच्या सर्व्हिस बुकात आईचं नाव एक लिहिलंय आणि आईच्या बाकी सगळ्या कागदांवर एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षरापायी चार चकरा झाल्या आणि दर वेळी खिडकीतून नवाच कागद मागितला जायचा, चौथ्या वेळी तर आई ऑफिसच्या जिन्यातच बसून राहिली, म्हणाली मला आता काही नको, चल घरी. पाचव्या वेळी तिथे दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी आईला आत बोलावून खुर्ची दिली, फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं की हे तीन कागद लागतील, हा इथे मिळेल, तो तिथे, ह्याची झेरॉक्स चालेल पण त्याचं ओरिजिनलच आणा. वर दुसऱ्या सेक्शनला स्वतः फोन लावून विचारलं की प्रतिज्ञापत्र कुठल्या नमुन्यात हवंय, म्हणजे परत फेरी नको. सव्वा महिन्यात पेन्शन सुरू झाली.

दुसरा एक मुलगा आहे. वाचनालयात शनिवारी कॉलेजची मुलं बसतात, वयस्कर लोकांना मोबाईल आणि ऑनलाइन फॉर्म शिकवायला, स्वतःहून, कोणी पैसे देत नाही. त्यातल्या एकाने आईला सलग सहा शनिवार शिकवलं. मी भरून देतो असं एकदाही म्हणाला नाही तो, मोबाईल आईच्याच हातात ठेवायचा आणि आई चुकली की गप्प बसायचा, तिलाच शोधू द्यायचा.

दोघांनाही थँक्यू म्हणाले. बाई म्हणाल्या, अहो कामच आहे माझं. मुलगा नुसता हसला. पण मला हे एवढ्यावर सोडवत नाहीये. देशाचा विकास म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धरणं, पूल, रस्ते येतात, आणि माझ्या आईपर्यंत तो विकास पोचला तो त्या हाताने लिहिलेल्या कागदातून, तो कागद आम्ही अजून जपून ठेवलाय.

तर विचारायचंय असं की सरकारी कर्मचाऱ्याला भेटवस्तू दिलेली चालते का? पत्र लिहिलं तर कोणी वाचतं का? आणि स्वयंसेवकासाठी काय करावं? माझा भाऊ म्हणतो पगार घेतात ना, मग आभार कसले. त्याच्याशी वाद घालून दमले.

टपालपेटी

ताई, मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली, बरीचशी आवक-जावकला आणि नंतर आस्थापनेत, त्यामुळे ह्यावर खात्रीने सांगू शकतो.

भेटवस्तू अजिबात नको. कितीही चांगल्या मनाने दिलीत तरी नको. जवळजवळ सगळीकडेच कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत भेटी घेण्यावर बंधनं असतात, आणि काम झाल्यावर दिली म्हणून ती चालते असंही नाही. बाईंना एक तर ती परत करावी लागेल म्हणजे तुमच्यासमोर अवघडल्यासारखं होईल, नाहीतर साहेबांना कळवावी लागेल. त्याहून वाईट म्हणजे रांगेतला मागचा माणूस बघतो, आणि त्याच्या मनात बसतं की इथे काहीतरी दिल्याशिवाय काम होत नाही. एका चांगल्या बाईच्या नावाला विनाकारण डाग.

पत्र लिहा. साध्या कागदावर, त्यांच्या वरिष्ठांच्या नावे, आणि प्रत बाईंना. आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक पडला की तो कागद रेकॉर्डवर आला, मग तो सहजासहजी गायब होत नाही.

आता पत्रात काय लिहायचं हे नीट ऐका, कारण लोक इथेच चुकतात. "आपल्या कार्यालयातील कर्मचारी उत्तम सेवा देतात" असलं लिहू नका, ते वाचून साहेब सही करून फाईलला लावतो, संपलं. तारीख लिहा, खिडकी कुठली ते लिहा, काम काय होतं आणि बाईंनी नेमकं काय केलं ते लिहा. तीन कागदांची यादी हाताने लिहून दिली, दुसऱ्या सेक्शनला फोन करून नमुना विचारला, हे जसंच्या तसं.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक, "आमच्यासाठी नियम बाजूला ठेवून मदत केली" असं कौतुकाच्या भरात कधीही लिहू नका. लोक लिहितात हो, प्रेमाने लिहितात, आणि मग त्या कर्मचाऱ्याकडे खुलासा मागितला जातो की कुठला नियम बाजूला ठेवला. त्यांनी नियम समजावून सांगितला असं लिहा, कारण खरंही तेच आहे. दुसरं, आधीच्या चार चकरांचा राग ह्या पत्रात काढू नका. तक्रार करायची तर वेगळी करा, तो तुमचा हक्क आहे. एकाच कागदावर हिची स्तुती आणि शेजारच्याची निंदा आली की बाईंना उद्यापासून त्याच टेबलाशेजारी बसायचंय, दिवसभर.

मला ३१ वर्षांत अशी दोन पत्रं आली. दोन्ही अजून आहेत. एक तर पोस्टकार्डच आहे, एका शेतकरी आजोबांचं, अक्षर लागत नाही पण माझं नाव बरोबर लिहिलंय.

दोनबाजू

मला ताईंच्या भावाची बाजू घ्यावीशी वाटते, राग मानू नका.

पेन्शन हा तुमच्या आईचा हक्क होता. ते काम पहिल्या चकरेत व्हायला हवं होतं, पाचव्या चकरेत झालं म्हणून आपण आभाराची पत्रं लिहायला लागलो तर हक्काचं काम हळूहळू उपकार वाटायला लागतं, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. मग ज्याला गोड बोलता येत नाही, लिहिता येत नाही, त्याचं काय?

दुसरं म्हणजे आभार फार स्वस्त पडतात. २०२० मध्ये जगभर लोक बाल्कनीत उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या, डोळ्यात पाणी होतं माझ्या. पण त्याच लोकांनी नंतर पगार मागितला, सुट्टी मागितली, कायम करा म्हणून मागणी केली तेव्हा किती जण त्यांच्या बाजूने बोलले? माझी बहीण नर्स आहे. तिला टाळ्यांचं वाईट वाटलं नाही, पण ती म्हणते त्या दिवसांत आम्हाला धड मास्क हवे होते आणि सलग आठ तास झोप हवी होती. म्हणून आभार मानण्याच्या गोष्टी निघाल्या की मला आधी विचारावंसं वाटतं की त्या माणसाचं खरं मागणं काय आहे ते आपण ऐकलंय का.

ओंजळ

दोनबाजू, तुमच्या बहिणीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण हक्काच्या कामाचे आभार मानू नयेत हे मला पटत नाही, कारण नियम जिथे संपतो तिथे पुढे माणूसच असतो, आणि त्या जागी तो काय करतो हे कुठल्याच पगारात लिहिलेलं नसतं.

फ्रान्सिस केल्सी यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात त्या १९६० मध्ये लागल्या, औषधांचे अर्ज तपासायचं काम. सुरुवातीलाच टेबलावर आला तो थॅलिडोमाइडचा अर्ज. हे औषध तेव्हा युरोपात सर्रास विकलं जात होतं, गरोदर बायका मळमळीवर घेत होत्या, कंपनीला घाई होती आणि ती मागे लागली होती. केल्सीबाईंना सुरक्षिततेचा पुरावा अपुरा वाटला, त्यांनी अर्ज परत केला, आणखी माहिती मागितली, परत कंपनीचा दबाव, परत त्यांचं तेच उत्तर. १९६१ संपता संपता कळलं की ह्या औषधामुळे हातपाय नीट न वाढलेली बाळं जन्माला येतायत, जगभरात अशी दहा हजारांच्या वर बाळं. अमेरिकेत ते औषध तेव्हा बाजारात आलंच नाही, चाचणी म्हणून ज्या गोळ्या डॉक्टरांमार्फत वाटल्या गेल्या तेवढ्याच. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सन्मान केला, आणि औषधांचा कायदाही त्याच वर्षी कडक झाला.

मला त्यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? ज्या आयांची बाळं धडधाकट जन्मली त्यांतल्या बहुतेकींना कधी कळलंच नसेल की आपण कोणाचे आभार मानायचे राहिलोय. घडलंच नाही अशा गोष्टीचे आभार कोण मानणार.

आणि जपानमधलं फुदाई. समुद्रकाठचं तीनेक हजार वस्तीचं गाव. तिथले महापौर कोतोकु वामुरा, १९३३ च्या त्सुनामीनंतर ढिगाऱ्यातून प्रेतं काढताना त्यांनी स्वतः बघितलं होतं. म्हणून त्यांनी १५.५ मीटर उंचीचं पूरद्वार बांधायचं ठरवलं. लोक म्हणाले इतकं उंच कशाला, पैसे वाया, जमिनी जातायत. विरोध सोसत काम रेटलं, १९८४ मध्ये बांधून झालं, १९९७ मध्ये वामुरा वारले. आणि ११ मार्च २०११ ला समुद्र आला. आजूबाजूची गावं वाहून गेली, फुदाईचं बंदर गेलं, पण दरवाज्याच्या आतलं गाव वाचलं. बंदरावर आपली बोट बघायला गेलेला एक जण तेवढा बेपत्ता झाला. नंतर गावकरी वामुरांच्या थडग्यावर जाऊन आभार मानून आले. चौदा वर्षं उशीर झाला होता.

त्याच दिवशी बाजूच्या छोट्या झडपा अडकल्या होत्या, आणि समुद्र येतोय हे माहीत असताना अग्निशमन दलाचा एक माणूस खाली धावला आणि त्याने हाताने त्या बंद केल्या. महापौरांचं नाव जगाला माहीत झालं, त्या माणसाचं मला अजूनही कुठे वाचायला मिळालं नाही. रानजाई, तुमच्या बाई त्या माणसासारख्या आहेत. त्यांना नावानिशी पत्र लिहा, आणि आत्ताच लिहा.

सोबती

स्वयंसेवकांचं मी सांगते, आठ वर्षं हेच काम करतेय, माणसं जमवायची, त्यांना कामं नेमून द्यायची, आणि मुख्य म्हणजे ती टिकवायची.

सर्टिफिकेट सगळेच देतात. मुलं घेतात, फोटो काढतात, कपाटात टाकतात. माणूस टिकतो तो कशाने तर आपल्या कामाचं पुढे काय झालं हे कळल्याने. स्वीडनमध्ये रक्तदात्याचं रक्त एखाद्या रुग्णाला दिलं गेलं की त्याला मोबाईलवर मेसेज येतो, तुमचं रक्त आज वापरलं गेलं म्हणून. बस, एवढंच. रक्त देऊन महिना झालेला असतो, माणूस बसमध्ये उभा असतो नाहीतर भाजी चिरत असतो, आणि तेवढ्यात हे कळतं. मी हे वाचलं तेव्हापासून आमच्याकडे एक नियम केला की ज्याच्यासाठी काम केलं त्याचं पुढे काय झालं ते स्वयंसेवकाला कळवल्याशिवाय वहीत ते काम पूर्ण झालं असं लिहायचं नाही. कधी वाईट बातमी असते, तीही कळवतो.

त्या मुलाला तुमच्या आईची पेन्शन सुरू झाल्याचं माहीत आहे का? आधी ते बघा. बहुतेक नसेल. आणि तुम्ही कळवू नका, आईंनाच कळवू दे, त्यानेच शिकवलेल्या मोबाईलवरून.

बाकी दोनबाजूंशी मी सहमत आहे. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा हात असं समजून लोक राबवून घेतात, ह्या गोष्टीचा मला फार त्रास होतो. जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, काम शिकवावं, धोक्याचं काम असेल तर विमा काढावा, वेळेवर सोडावं, आणि जिथे रोज पूर्ण दिवसाचा माणूस लागतो तिथे पगारी माणूस नेमावा. हे करत नसाल आणि वर्षातून एकदा ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून भाषणं देत असाल तर मुलांना ते बरोबर कळतं. तो दिवस मात्र चांगला आहे हो, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवला, आणि २३ जूनला लोकसेवा दिनही असतो, हा फारसा कोणाला माहीत नाही.

एक गोष्ट सांगून थांबते. देवी रोगाचा नैसर्गिकरीत्या लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण म्हणजे सोमालियातल्या मर्का गावचा अली माओ मालिन, हॉस्पिटलात स्वयंपाकी होता, ऑक्टोबर १९७७. हॉस्पिटलात काम करूनही त्याने लस टाळली होती, दुखेल म्हणून भीती वाटली. त्याला हुडकून, वेगळं ठेवून, त्याच्या संपर्कातल्या माणसांना शोधून लस देणारे कर्मचारी कोण होते त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. १९८० मध्ये देवी रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. आणि हाच मालिन पुढे पोलिओच्या मोहिमेत स्वयंसेवक झाला, गावोगाव जाऊन आयांना सांगायचा, मी लसीला घाबरलो होतो, माझं काय झालं ते बघा, तुम्ही घाबरू नका. २०१३ मध्ये त्याच मोहिमेवर असताना तापाने आजारी पडून मलेरियाने गेला. मला विचाराल तर त्या जुन्या कर्मचाऱ्यांचे आभार त्याच्याइतके पुरेपूर कोणीच मानले नसतील.

दोनबाजू

मालिनची गोष्ट माहीत नव्हती. बहिणीला पाठवली.

रानजाई, पत्र लिहिणार असाल तर माझी एक विनंती. शेवटी एक ओळ टाका, की बाईंनी हाताने लिहून दिलेली ती कागदांची यादी टाईप करून खिडकीशेजारच्या फळ्यावर लावावी. म्हणजे तुमच्या आईला जे मिळालं ते पुढच्या माणसाला न मागता मिळेल, बाई त्या दिवशी रजेवर असल्या तरीही. तसं झालं तर पत्राला माझा काही विरोध नाही, उलट मीच म्हणेन लिहाच.

टपालपेटी

ही ओळ उत्तम. सूचना म्हणून वेगळ्या परिच्छेदात लिहा, "सदर कर्मचाऱ्यांनी तयार केलेली यादी" असा उल्लेख करून, म्हणजे श्रेय त्यांच्याकडेच राहील. यादीची झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरी ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री भावालाही हे सगळं वाचायला दिलं. तो काही बोलला नाही पण पत्राचा मसुदा त्यानेच टाईप करून दिला. असा आहे बघा:

"महोदय, माझ्या आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात नावातील फरकामुळे अडचण येत होती. आपल्या कार्यालयातील खिडकी क्रमांक ४ वरील कर्मचारी यांनी आईला बसायला जागा दिली, संपूर्ण फाईल वाचली, आवश्यक तीन कागदपत्रांची यादी स्वतः लिहून दिली आणि प्रतिज्ञापत्राचा योग्य नमुना दूरध्वनीवरून विचारून सांगितला. त्यामुळे आम्हाला नियम नीट समजला आणि काम पुढच्याच फेरीत झाले. माझी आई ६८ वर्षांची आहे. त्या दिवशी ती घरी येऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. हे आपल्याला कळावे म्हणून लिहीत आहे."

जेवणाची ओळ काढू का? भाऊ म्हणतो ऑफिशियल पत्रात बरी दिसत नाही.

टपालपेटी

काढू नका. बाकीचं साहेबासाठी आहे, ती ओळ बाईंसाठी आहे. प्रत त्यांना मिळणारच आहे.

ओंजळ

अगदी. ठेवा ती.

रानजाई

आज दिलं पत्र. बाईंचं नाव घातलं, यादी जोडली, फळ्याची सूचना वेगळ्या परिच्छेदात लिहिली. आवकच्या टेबलावर जे गृहस्थ होते त्यांनी पत्र वाचलं, मग पान उलटून मागे बघितलं, मग मला विचारलं, "तक्रार कुठे जोडलीय?" म्हटलं तक्रार नाही, एवढंच आहे. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं आणि शिक्का एकदम सरळ, नीट दाबून मारला. बाई आज रजेवर होत्या, त्यांची प्रत पाकिटात घालून टेबलावर ठेवतो म्हणाले.

आईने त्या मुलाला स्वतः मेसेज टाईप केला, तिला पाऊण तास लागला, मी मदत करायला गेले तर मोबाईल पलीकडे धरला. "बाळा माझी पेन्शन सुरू झाली. फॉर्म तू शिकवलास तसाच भरला होता." पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं: "काकू!! कुठले कागद लागले ते मला पाठवाल का? इथे अजून एक आजी आहेत, त्यांचंही नावातच अडकलंय."

आई आत्ता त्या कागदाचा फोटो काढतेय. तिसऱ्यांदा काढतेय, पहिल्या दोन वेळा बोट मध्ये आलं.